तिघे भेटतात, टिकत नाहीत

बेंगळुरूत जॅझ ऐकायला जागा नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही. व्हाइटफील्डच्या विंडमिल्स क्राफ्टवर्क्समध्ये ब्रूअरी आणि जॅझ थिएटर एकाच छताखाली आहेत. डोमलूरच्या बँगलोर इंटरनॅशनल सेंटरमध्येही मैफली होतात. वाजवणारे तयारीचे आहेत. खटकतं ते वेगळंच. पियानो, डबल बास आणि ड्रम्स अशी त्रयी इथे जमते, पण टिकत नाही. एका रात्रीपुरते आलेले तिघे धून मांडतात, मग प्रत्येकाची पाळी येते, टाळ्या पडतात. चूक काहीच होत नाही आणि घडतही काही नाही.

आपल्या ख्यालाच्या मैफलीत कोण कोणाची साथ करतंय याबद्दल संशय नसतो. त्रयीत तो असायला हवा. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीचं ध्वनिमुद्रण झालं. त्यात स्कॉट लाफारोचा बास पियानोचं वाक्य मध्येच तोडून स्वतःचं काही बोलतो. ड्रमर पॉल मोशन ठोके मोजून देत नाही, तरी लय सुटत नाही. (ग्लासांची किणकिण आणि गप्पाही ऐकू येतात, श्रोते तिथलेही काही समाधीत नव्हते.) हे तिघे १९५९ अखेरपासून एकत्र होते. त्या ध्वनिमुद्रणानंतर अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला आणि इव्हान्स कित्येक महिने जाहीरपणे वाजवायला बसला नाही. बदली बासवादक मिळाला नसता असं थोडंच आहे?

बेंगळुरूपाशी स्वतःची पुंजीही आहे. टी. ए. एस. मणी यांचं कर्नाटका कॉलेज ऑफ पर्कशन, गायिका आर. ए. रमामणी आणि अमेरिकी सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांची ‘ज्योती’ ही तबकडी ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीने १९८३ साली काढली. तिच्यात पियानो नाही, आणि ते बरंच झालं. सॅक्सोफोन स्वर वाकवतो. पियानोची पट्टी दाबली की स्वर तिथेच बसतो, गमक नाहीच. म्हणून रागाच्या मागे धावणाऱ्या पियानोवादकांचं मला नेहमी नवल वाटतं. त्यांच्यासाठी खरी वाट लयीची आहे. पाच-सात मात्रांच्या हिशेबात तिघांनी वेगवेगळ्या जागी वजन द्यावं आणि समेवर भेटावं. पियानोवादक विजय अय्यरच्या न्यूयॉर्कमधल्या त्रयींनी लयीचं हे काम किती ताणता येतं ते दाखवलंय. बासवादक लिंडा मे हान ओ आणि ड्रमर टायशॉन सोरी यांच्यासोबतचा त्याचा २०२१चा ‘अनीझी’ हा अल्बम ऐकावा.

इथल्या अमन महाजनने ‘रेफ्यूज’ हा अल्बम एकट्या पियानोवर केला. गिटारवादक निशाद पांडेबरोबरच्या त्याच्या ‘टिंक्चर्स’ या जोडीत मात्र एकमेकांना ओळखून असलेली माणसं ऐकू येतात: एक थांबला की दुसरा भर घालायची घाई करत नाही.

त्रयीला हा निवांतपणा परवडत नाही, कारण शिकवण्या आणि खासगी समारंभ यांतून वेळ काढून तिघांच्या तारखा जुळवाव्या लागतात. मोठ्या नावांच्या एकेका रात्रीवर खर्च करण्यापेक्षा एखाद्या सभागृहाने सहा महिने दर मंगळवारी तेच तिघे बसवावेत. पहिले काही मंगळवार खुर्च्या रिकाम्या राहतील, ते धरून चालावं.