परक्यास मारलेली हाक : ‘आनंद’ या चित्रपटाविषयी काही विचार

मरणाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने इतरांस हसविले म्हणजे प्रेक्षकांचे डोळे भरून येतात. आणि डोळे भरून आले म्हणजे टीकाकाराचे काम संपले, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ या हिंदी चित्रपटाच्या वाट्यास ही समजूत फार आली. १९७१ साली तो प्रदर्शित झाला. त्यास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, त्याची गाणी घरोघर गेली, आणि त्याच्या नायकाविषयी एक वाक्य रूढ होऊन बसले : स्वतः मरत असता तो जगास आनंद देतो. या वाक्यात खोटे काही नाही. परंतु चित्रपटाचे जे खरे मर्म आहे, ते या वाक्यातून निसटते असे आम्हांस वाटते.

कथानक बहुतेकांस ठाऊक आहे. आनंद सेहगल हा तरुण दिल्लीहून मुंबईस येतो. त्याच्या आतड्यास असाध्य कर्करोग झालेला असून आयुष्य फार तर सहा महिन्यांचे उरले आहे, आणि हे त्यास स्वतःस ठाऊक आहे. डॉक्टर भास्कर बॅनर्जी हा मनाने निराश झालेला डॉक्टर त्यास आपल्या घरी ठेवून घेतो, आणि पुढे त्याच्यावर पुस्तक लिहितो. त्या पुस्तकाच्या सत्कारसमारंभापासूनच चित्रपटास आरंभ होतो. म्हणजे नायक मरणार हे दिग्दर्शकाने पहिल्याच प्रसंगी सांगून टाकले आहे. ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा त्याने आपण होऊन सोडून दिली, आणि ‘तो कसा जगला’ एवढाच प्रश्न प्रेक्षकांपुढे ठेवला. कलादृष्ट्या हा निर्णय धाडसाचा होता, व तो योग्यही होता.

तो कसा जगला? रस्त्याने जाणाऱ्या अगदी अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारून तो त्यास ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारतो. मुरारीलाल नावाचा कोणी माणूसच नाही; बोलण्यास आरंभ करण्याचे ते एक निमित्त आहे. लोक दचकतात, रागावतात, आपण मुरारीलाल नव्हे असे सांगून निघून जातात. एके दिवशी मात्र इसाभाई सुरतवाला हा नाटकमंडळीचा चालक त्यास उलट ‘जयचंद’ म्हणून हाक मारतो, आणि कधीही न घडलेल्या आठवणी काढून त्याच्या गळ्यात पडतो. आनंदास जो हर्ष होतो तो येथे. इतके दिवस त्याने दिलेल्या हाकेस आज ओ मिळाली.

हा प्रसंग बारकाईने पाहिला म्हणजे रूढ वाक्यातील उणीव ध्यानी येते. आनंद येथे देत नाही, तो मागतो. त्याची हाक हे दान नव्हे, याचना आहे. आणि ती पुरी करण्याचे सामर्थ्य रस्त्यावरील परक्याच्या हाती आहे. पुढील प्रसंगही याच जातीचे आहेत. रेणूस गुंड त्रास देतात तेव्हा आनंद आखाड्यात जाऊन पहिलवानाचे साहाय्य मागतो. करड्या स्वभावाच्या मेट्रन डिसा यांच्यापाशी तो हट्ट करतो, आणि हट्ट म्हणजे दुसरे काय, तर लेकराने केलेले मागणेच. ज्याला ज्याला तो भेटतो त्याच्यावर तो आपले काही ओझे टाकतो, आणि ज्याच्यावर ओझे टाकले तो माणूस त्या क्षणी उंच होतो. गंभीर रोगाने माणसास जगाचे ऋणी करून ठेवलेले असते. ते ऋण लपविण्याऐवजी त्याचाच उपयोग परक्यास मोठेपणा देण्यासाठी करणे, ही या नायकाची खरी युक्ती आहे.

या युक्तीस नटवर्गाची उत्तम साथ लाभली. इसाभाईची भूमिका करणारे जॉनी वॉकर चित्रपटसृष्टीत येण्यापूर्वी मुंबईत बेस्टच्या बसगाडीवर कंडक्टर होते. दिवसभर अनोळखी माणसांशी दोन शब्द बोलणे हाच ज्याचा एके काळी व्यवसाय होता, त्याच्या तोंडी ‘जयचंद’ ही हाक इतकी सहज यावी यात नवल नाही. ललिता पवार यांस प्रेक्षकांनी खाष्ट सासूच्या रूपात वर्षानुवर्षे पाहिले होते. त्याच कठोर मुद्रेखालचे वात्सल्य येथे हळूहळू पाझरताना दिसते. रमेश देव आणि सीमा यांनी कुलकर्णी दांपत्याच्या भूमिकांत मराठी घरातील समंजस जिव्हाळा आणला आहे. हा चित्रपट मुंबई शहरास व राज कपूर यांस अर्पण केलेला आहे. माणसांची गर्दी आणि ओळखीचा दुष्काळ हे या शहराचे जुने दुखणे आहे, आणि मुरारीलालची हाक हा त्यावरचाच उतारा आहे. तेव्हा ती अर्पणपत्रिका केवळ शिष्टाचाराची नव्हे.

आता दोषांकडे वळू. चित्रपटाच्या आरंभी भास्कर गोरगरिबांच्या वस्तीत हिंडतो, आणि त्यांचा खरा रोग भूक आहे हे जाणून हताश होतो. आनंद आल्यावर ही वस्ती कथेतून जवळजवळ नाहीशी होते. नायकाच्या रोगाचेही तेच. त्यास खर्चाची चिंता नाही, रुग्णालयातील रांग नाही. आणि मुख्य म्हणजे दीर्घ आजारात माणूस जो चिडचिडा, किरकिरा होतो, तो किरकिरेपणा नाही. त्याचा सारा संताप दिग्दर्शकाने भास्करच्या ठिकाणी नेऊन ठेवला आहे. यामुळे करुणरसाचा परिपोष होतो खरा. परंतु सहा महिने हसणे आणि सहा वर्षे हसणे यांत जे अंतर आहे त्यास चित्रपट हात घालीत नाही.

ते अंतर ज्यांनी ओलांडले अशी माणसे आपल्याकडे झाली आहेत. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यास ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्तीचे केंद्र उभारले. आमच्या पार्ल्याचे पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या देणगीचे त्यास साहाय्य झाले. पुढे अनिताबाईंस कर्करोग झाला, आणि १९९७ साली त्यांचे निधन झाले. मधल्या काळात, उपचार चालू असताही, लोकांनी ओवाळून टाकलेल्या व्यसनी माणसांस त्या आपले म्हणत राहिल्या. अनिल अवचटांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ लिहून ही हकीकत मराठी वाचकांपुढे ठेवली आहे. तेथे टाळ्यांचे प्रसंग थोडे, आणि रोजचे काम फार.

परंतु चित्रपटातील युक्ती खरी की खोटी, याची परीक्षा अशा मोठ्या कार्यापेक्षा लहानशा जागी अधिक चोख होते. आमच्या आप्तांतील एक वृद्ध बाई घाटकोपरहून परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी जात असत. १९४१ पासून चालत आलेल्या या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून रोगी येतात. पहिल्या दिवशी त्यांस कोणती खिडकी कशाची हेही उमगत नाही. लोकलगाडीत अपंगांच्या डब्यात कर्करोग्यांसही बसण्याची मुभा आहे. त्या डब्यातच बाई एखादा बावरलेला चेहरा हेरीत. त्यास धीराचा शब्द म्हणून त्या काही सांगत नसत. “माझी ही पिशवी जरा धरता का? मला चढवत नाही,” एवढेच म्हणत. पिशवी धरून तो माणूस त्यांच्याबरोबर जिना चढे, रुग्णालयात शिरे, आणि त्या ज्या खिडकीपाशी थांबत ती त्यास आपोआप कळे. परत जाताना आपण एका म्हाताऱ्या बाईस मदत केली एवढेच त्याच्या मनात असे. आम्ही एकदा बाईंस विचारले, की पिशवी खरोखर इतकी जड असते काय? त्या जराशा रागावून म्हणाल्या, “कधी असते, कधी नसते.”

बाई आता नाहीत. त्यांनी ‘आनंद’ पाहिला होता की नाही, हे विचारावयाचे राहून गेले. परंतु त्यांच्या त्या उत्तरात आम्हांस या चित्रपटावरील सर्वांत नेमकी टीका सापडली. आनंदाची हाक निव्वळ खोटी नव्हती. त्यास खरोखरच कोणीतरी हवे होते. कधी ते नाटक असे, कधी गरज असे, आणि बहुधा दोन्ही एकाच वेळी असे. ज्या ज्या प्रसंगी दिग्दर्शकास याचे भान राहिले तेथे चित्रपट उंच गेला आहे, आणि जेथे नायक केवळ हसतमुख दाता झाला तेथे तो सामान्य झाला आहे. अखेरच्या प्रसंगी ध्वनिफितीतून मृताचा आवाज उमटतो तेव्हा चित्रगृहात हुंदके ऐकू येतात, हे आम्ही पाहिले आहे. तरीही आमच्या मते या कृतीचे शिखर तेथे नाही. ते भर रस्त्यावर आहे : एक परका थांबतो, मागे वळतो, आणि स्वतःचे नसलेले नाव आनंदाने स्वीकारतो.