संख्यानामे आणि मुलाची तर्कबुद्धी

इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात बालभारतीने २०१९ साली ‘एकवीस’ या संख्येचे ‘वीस एक’ असे वाचन सुचविले, तेव्हा महाराष्ट्रात वाद माजला व त्याचे पडसाद विधिमंडळातही उमटले. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जोडाक्षरांची अडचण आणि उच्चार व लेखन यांतील क्रमविरोध पुढे मांडला. विरोधकांनी भाषेच्या परंपरेचा कैवार घेतला. या वादात एक प्रश्न मात्र मागे पडला. मुलाच्या चुकीवरून त्याच्या बुद्धीविषयी अनुमान करणारा शिक्षक नेमके काय मोजतो?

‘पंचवीस’ हा शब्द ऐकून मूल ५२ लिहिते आणि ते गणितात कच्चे ठरते. वस्तुतः मराठीत एकक आधी उच्चारला जातो, दशक मागून येतो. लेखनात हा क्रम उलटतो. ऐकलेल्या क्रमानेच अंक मांडणाऱ्या मुलाच्या चुकीत तर्काचा अभाव नसून तर्कच असू शकतो. ‘एकोणतीस’ या नामात पुढील दशकातून एक वजा करावा लागतो. हा नियम ‘एकोणनव्वद’पर्यंत चालतो आणि ‘नव्याण्णव’पाशी मोडतो. ‘बावन्न’मधील पन्नास व ‘बाहत्तर’मधील सत्तर सहज ओळखू येत नाहीत. अशी नामे बहुतांशी पाठच करावी लागतात. ती अचूक सांगता येणे ही स्मरणाची कसोटी होय, तर्काची नव्हे. म्हणूनच ती घडाघडा म्हणणारे मूल हुशार समजणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक ठरते.

खरी परीक्षा साधी आहे. त्याच मुलापुढे पंचवीस चिंचोके ठेवून दहादहांचे गट करावयास सांगावे. दोन गट व पाच सुटे असे त्याने मांडले, तर दशक-एकक त्यास उमजले आहे. अडचण शब्दाची आहे. गटच जमले नाहीत, तर अडचण संकल्पनेची आहे. वहीत दोन्ही चुका सारख्याच दिसतात. उपाय मात्र भिन्न आहेत.

नॉर्वेने १९५१ साली दशक आधी उच्चारण्याची पद्धत अधिकृत केली. तरी जुनी पद्धत तेथील बोलण्यातून नाहीशी झाली नाही. मराठी घरांत व बाजारांतही ‘पंचवीस’ कानी पडतच राहणार. समितीचे निदान योग्य होते. परंतु केवळ पुस्तकातील वाचन बदलल्याने शिक्षकाची दृष्टी बदलत नाही. ‘कच्चा’ हा शेरा एकदा बसला की मूलही तो खरा मानू लागते. तो देण्यापूर्वी चिंचोक्यांची एवढी परीक्षा घेणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे.