धंद्यातले चित्रकार आणि त्यांची दुसरी चूल

मराठी मुखपृष्ठांचा अभ्यास करू पाहणाऱ्याची पहिली गाठ पडते ती बाइंडरशी. बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कुठल्याही जुन्या वाचनालयाचे कपाट उघडावे. पन्नास-साठच्या दशकातल्या कादंबऱ्या तिथे आहेत. पण पुस्तक टिकावे म्हणून ते कधीतरी बांधणीला गेले, जाड पुठ्ठा आणि कापडी पाठ घेऊन परत आले, आणि मुखपृष्ठ तेवढे वाटेत गळाले. मजकूर वाचला, चित्र गेले. दिवाळी अंकांचे हाल याहून वाईट, कारण अंक बांधायचे झाले तर मुखपृष्ठाच्या आधी जाहिरातींची पाने काढली जातात, आणि उपयोजित चित्रकलेचा निम्मा इतिहास त्या पानांवर असतो.

ही तक्रार ग्रंथपालांविरुद्ध नाही. त्यांना मजकूर वाचवायचा होता, तो त्यांनी वाचवला. पण परिणाम असा झाला की दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगांवकर, कमल शेडगे ही नावे आपल्याला पाठ आहेत आणि त्यांच्या कामाचा सलग पट मात्र डोळ्यांसमोर नाही. सुटी चित्रे दिसतात, कारकीर्द दिसत नाही. म्हणून एक साधा प्रश्न मराठी समीक्षेत फारसा विचारला गेला नाही: गिऱ्हाइकाने सांगितले तसे, सांगितले तेव्हा, सांगितलेल्या मापात चाळीस वर्षे चित्रे आणि अक्षरे काढणाऱ्या माणसाचा हात मरत कसा नाही?

हा प्रश्न आजचा आहे, आणि बांद्यासारख्या बाजारपेठेच्या गावात तो रोज उभा राहतो. डीटीपी आणि फ्लेक्सच्या दुकानात संगणकापुढे बसलेला पंचविशीतला मुलगा सकाळी वाढदिवसाचा बॅनर करतो, दुपारी 'भावपूर्ण श्रद्धांजली', संध्याकाळी लग्नपत्रिका, आणि जत्रांचे दिवस असले तर रात्री उशिरा दशावतारी नाटकाचा फलक. फ्लेक्सचा हिशेब चौरस फुटावर होतो. कापडाचे पैसे, शाईचे पैसे. डिझाइनचे काय घेणार, या प्रश्नाला बाजारात उत्तरच नाही, कारण ते त्यातच धरलेले असते. अशा हिशेबात तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा एक तर दुकानाचा मालक होतो नाहीतर गोव्यात दुसरी नोकरी धरतो. पत्रादेवी ओलांडली की पगार बरे आहेत. डिझायनर म्हणून तो पन्नाशी गाठेल असे त्याला स्वतःलाही वाटत नाही.

मागच्या पिढ्यांतले लोक पन्नाशी कशी गाठत होते? त्याचे नेहमीचे उत्तर प्रतिभा आणि निष्ठा असे दिले जाते. दोन्ही खऱ्या, पण त्याने काही उलगडत नाही. प्रतिभावान माणसे या धंद्यात भरपूर करपली आहेत. मला वाटते, टिकलेल्यांच्या कारकिर्दींत एक समान गोष्ट सापडते. गिऱ्हाइकाच्या कामाशेजारी त्यांनी आणखी एक काम पेटते ठेवलेले असे. त्याच हातकौशल्याचे, पण ज्याचा हुकूम दुसऱ्या कोणाच्या हाती नाही, किंवा निदान त्याच हातात नाही. त्याला मी दुसरी चूल म्हणतो. आपल्याकडे या शब्दाला भांडणाचा वास आहे हे ठाऊक असूनही म्हणतो.

दलाल (१९१६–१९७१) आणि मुळगांवकर (१९१८–१९७६) या दोघांचे उदाहरण सर्वांत ठळक आणि बऱ्यापैकी परिचित, म्हणून थोडक्यात आटोपतो. दोघेही गोव्याचे, दोघांचीही मुंबई ही कर्मभूमी. प्रकाशकांची मुखपृष्ठे, कॅलेंडरे, जाहिराती हा धंदा. त्याच वेळी दलालांनी १९४५ साली 'दीपावली' काढला. मुळगांवकरांनी 'रत्नदीप', 'रत्नप्रभा' चालवले. चित्रकार स्वतःच संपादक आणि मालक झाला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेला पिस्तूल आणि घाबरलेली बाई पुरते. आपल्या अंकात काय छापायचे ते मात्र आपण ठरवायचे. आणि या दोघांनी सही केली, स्पष्ट, वाचता येईल अशी. मुखपृष्ठावरची ती सही म्हणजे धंद्यातल्या माणसाने मागितलेला हक्कच होता. मात्र ही चूल महाग होती. अंक काढणे म्हणजे कागद, वर्गणी, जाहिराती, छापखाना, सगळ्यांची उधारी. चित्रकाराच्या डोक्यावर दुसरा धंदा. दलाल पंचावन्नाव्या वर्षाच्या आत गेले, मुळगांवकर साठीच्या आत. त्यातून कार्यकारणभाव काढण्याचा अधिकार मला नाही, पण ज्याला आपण दीर्घ कारकीर्द म्हणतो ती त्यांना लाभली नाही हे खरेच.

वसंत सरवटे यांनी (१९२७–२०१६) उलटी वाट धरली. ते एसीसी कंपनीत स्थापत्य अभियंता होते. पगार सिमेंटच्या हिशेबातून येई, त्यामुळे चित्राला पोट भरावे लागले नाही. 'ललित'मधला ठणठणपाळ, म्हणजे आपल्या आरवलीच्या जयवंत दळवींनी लिहिलेले सदर, आज आठवला की हातोडा घेतलेली सरवट्यांची आकृतीच आधी डोळ्यांपुढे येते, मजकूर नंतर. लेखकांच्या टोप्या उडवणारी अशी रेषा मालकाच्या मर्जीवर जगणाऱ्याच्या हातून क्वचितच उतरते. पण सरवटे हे या लेखाचे मुख्य उदाहरण होऊ शकत नाहीत. त्यांची पहिली चूल वेगळ्याच घरातली होती. धंदाच चित्राचा असलेल्या माणसाचे काय?

तिथे कमल शेडगे येतात. जन्म १९३५, मृत्यू जुलै २०२०, आणि टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागातली प्रदीर्घ नोकरी. नोकरीत अक्षरे काढायची, नोकरीबाहेरही अक्षरेच काढायची. वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून मराठी नाटकाच्या जाहिरातीत शेडग्यांचे अक्षर दिसू लागले आणि पुढची कित्येक दशके दिसत राहिले.

त्या जाहिरातीची अट समजून घेतल्याशिवाय कामाचे मोल कळत नाही. वृत्तपत्राच्या पानावर एक-दोन कॉलमांची जागा, उंची चार बोटांची. रंग नाही. छायाचित्र टाकावे तर वृत्तपत्री कागदावर ते शाईत बुडते. शेजारी आणखी पंधरा-वीस नाटकांच्या जाहिराती, सगळ्यांत थिएटरचे नाव, वार, वेळ, आणि 'हाऊसफुल्ल'. उरते काय, तर नाटकाचे नाव. देवनागरीत नावाला खेळायला जागा कुठे असते? शिरोरेषा, काना, वेलांटी, रफार, उकार. शिरोरेषा हा एक आडवा दांडा सगळी अक्षरे धरून ठेवतो. तो जाड केला की शब्द इमारतीसारखा उभा राहतो, तोडला की शब्दाला तडा जातो. वेलांटी ओढून पुढच्या अक्षरावर छप्परासारखी आणता येते. शेडग्यांनी या चार-पाच जागांवरच आयुष्यभर काम केले. अक्षराचा काळा ठसा आणि आतली पांढरी पोकळी यांचा तोल त्यांना इतका साधलेला की नाव लहान छापले तरी बुजत नसे.

तळकोकणातल्या वाचकाला याची एक वेगळी चव ठाऊक आहे. मुंबईचा पेपर इथे शिळा होऊन पोचत असे. जाहिरातीतला प्रयोग शिवाजी मंदिरात किंवा साहित्य संघात होऊनही गेलेला असायचा. तो पाहण्याचा संभवच नाही, तरी पान वाचले जाई. कित्येक नाटके इथल्या माणसाने पाहिली ती फक्त नावाच्या अक्षरांत. जाहिरात म्हणून ते अक्षर इथे निरुपयोगी होते, आणि तरीही पोचत होते. शेडग्यांच्या कामाची याहून चांगली कसोटी मला सुचत नाही.

आता उणे बाजू. अर्थ अक्षरात उघड उघड ओतण्याची त्यांची पद्धत कधीकधी फार सोपी वाटते. नाव जे सांगते तेच अक्षराने पुन्हा सांगितले की पाहणाऱ्याला करायला काही उरत नाही. शिवाय त्यांचे वळण इतके यशस्वी झाले की 'मराठी नाटक' म्हणजे तेच वळण असे समीकरण बसले. अनुकरण करणाऱ्यांची भर पडली आणि एखाद्या रविवारी अख्खे पान एकाच हाताने लिहिल्यासारखे दिसू लागले. गंभीर नाटक आणि फार्स यांत फरक शोधावा लागे. 'माझी अक्षरगाथा'सारखे त्यांचे पुस्तक एका बैठकीत चाळले तर ही पुनरावृत्ती जाणवते. पण हेही ध्यानात घ्यावे लागते की ती अक्षरे एका बैठकीत पाहण्यासाठी काढलेली नव्हती. एकेक करून, एकेका सकाळी, चहाबरोबर पाहण्यासाठी होती.

शेडग्यांना टिकवले ते या दुहेरी रचनेने, असे मी म्हणेन. नोकरीने महिन्याचा घास दिला, आणि शिस्तही. नाटकांनी दर काही आठवड्यांनी नवे नाव दिले, नव्या माणसांची मैत्री दिली, आणि शहरभर ओळखले जाणारे अक्षर दिले. नाटकाचा निर्माता गिऱ्हाईकच असतो हे कबूल. पण तो शेडग्यांकडे येई तो त्यांच्याच हातासाठी. 'असे करून द्या' आणि 'तुम्ही करून द्या' या दोन मागण्यांत फरक आहे. निवृत्तीनंतरही ही दुसरी मागणी थांबली नाही.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांची गोष्ट याच्या पुढे जाते, कारण त्यांच्या कारकिर्दीच्या मध्यावर हत्यारच बदलले. उल्का या जाहिरात संस्थेत त्यांनी दोन दशकांच्या आसपास काम केले. शेजारी मूर्त कविता, म्हणजे अक्षरांच्या मांडणीतूनच उभी राहणारी कविता, आणि सुलेखन. मग पवईच्या आयआयटीतले औद्योगिक अभिकल्प केंद्र, तिथे अध्यापन. मग एनसीएसटी या संगणक संशोधन संस्थेत टंकनिर्मिती. ही यादी ऐकताना धरसोड वाटेल. प्रत्यक्षात सगळीकडे विषय एकच, भारतीय लिपी.

नव्वदच्या दशकात डीटीपी आले तेव्हा पेस्ट-अप करणारे, ब्रोमाइड चिकटवणारे, हाताने शीर्षके काढणारे शेकडो लोक बाजूला पडले. काही वर्षांनी फ्लेक्सने आपल्याकडच्या पेंटरचे तेच केले. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, एस.टी. स्टँडवरच्या जाहिराती रंगवणारा माणूस गावागावातून नाहीसा झाला. त्याचा हात शेडग्यांइतका तयार नसेलही, पण त्याच्या पाटीवरचा 'श' आणि 'ल' ओळखता येत असे. ज्याचे कौशल्य ब्रशालाच बांधलेले होते तो ब्रशाबरोबर गेला. जोशींचे कौशल्य लिपीला बांधलेले होते, म्हणून बोरू सुटला आणि संगणक आला तरी काम अडले नाही.

विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला 'मंगल' हा टंक त्यांच्या चमूचा. डिझायनर मंडळी त्याला नाके मुरडतात. छापील पानावर तो खरोखर कोरडा दिसतो, हे मान्यच. पण तो त्या काळच्या जाड कणांच्या पडद्यासाठी आखलेला टंक आहे: लहान आकारात जोडाक्षर फुटू नये, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळू नयेत, 'घ' आणि 'ध' वेगळे दिसावेत. ज्या माणसाचे सुलेखन कागदभर उधळते, त्याने साठी ओलांडल्यावर इतके आवरलेले, स्वतःला पुसून टाकणारे काम हाती घ्यावे, हे मला त्यांच्या सगळ्या बोधचिन्हांपेक्षा मोठे वाटते. तहसील कार्यालयातला दाखला, बँकेचे पत्र, शाळेची नोटीस, कितीतरी मराठी मंगलमध्ये लिहिले गेले. त्यावर कोणाची सही नाही आणि असण्याची सोयही नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. दुसरी चूल पेटवायला आधी पहिलीवर काहीतरी शिजलेले लागते. टाइम्सची नोकरी, उल्काची नोकरी, जे.जे.तले शिक्षण (तिथे व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ साली सुरू झाला आणि १९५८ साली स्वतंत्र संस्था झाली), मुंबईतल्या ओळखी. चौरस फुटाच्या दरावर बसलेल्या मुलाला यातले काय मिळाले? फार थोडे. एक गोष्ट मिळाली: त्याच्या संगणकावर आज मुक्ता, बलू यांसारखे एक टाइपने केलेले चांगले देवनागरी टंक फुकट उतरवता येतात. साधन आहे, वेळ आणि मोबदला नाही.

पण दुसरी चूल ही कल्पना या मुलखाला मुंबईहून आणावी लागत नाही. 'रात्रीचो राजा, सकाळी डोक्यार बोजा' असे आपल्याकडे दशावताऱ्याबद्दल म्हटले जाते, आणि त्यात हसू असले तरी ते एक अर्थशास्त्रही आहे. दिवसा शेतीची, मजुरीची कामे करणारा माणूस रात्री मुकुट चढवतो आणि पहाटेपर्यंत स्वतःच्या मनाने संवाद रचतो, कारण दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कोणी सांगितलेले बोलायचे नसते. अशी माणसे साठीतही उभी आहेत.

त्याच नाटकाचा फलक करणाऱ्याच्या वाट्याला मात्र संहिता ठरलेली येते: मध्ये कंपनीचे नाव, भोवती कलाकारांचे गोल फोटो, मागे आंतरजालावरून उचललेला महादेव. वालावलकर, पार्सेकर, आरोलकर, मोचेमाडकर, नावे वेगळी आणि फलक एकच. मुंबईच्या नाटकाचे नाव वर्षानुवर्षे तेच राहते, म्हणून त्याला अक्षर मिळाले. दशावतारात आख्यान बदलत राहते आणि कायम राहते ते कंपनीचे नाव. म्हणजे अक्षर घडवायचे असेल तर ते कंपनीच्या नावाचे, एकदा, नीट, दहा वर्षे वापरता येईल असे. हे काम अजून जवळजवळ कोणी हातात घेतलेले दिसत नाही, आणि ते फुकट केले तरी चालेल इतके लहान आहे. ज्याने ते केले त्याच्याकडे पुढचा माणूस चौरस फूट न विचारता येईल, अशी निदान शक्यता तरी आहे.

आणि समीक्षेचे काम? मुखपृष्ठकाराचे नाव श्रेयनामावलीत शेवटून दुसरे, मुद्रकाच्या वर, अशी प्रथा आहे. पुस्तकाच्या परीक्षणात ते नाव बहुधा येतच नाही. आले तर 'मुखपृष्ठ समर्पक' एवढ्या दोन शब्दांत. कशाला समर्पक, कुठे फसले, मागच्या पुस्तकापेक्षा हात कुठे सरकला, हे कोणी लिहीत नाही. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात निदान दुकानाचे नाव आणि मोबाइल क्रमांक असतो. जत्रेत नाटक सुरू होण्याआधी फलकाजवळ उभे राहिलात तर तो कोपरा वाचून पाहा. कापड बांधताना बहुधा सुतळी त्याच कोपऱ्यातून ओवलेली असते.