पात्र कोण, अपात्र कोण?

साहित्य समाजाचा आरसा आहे, हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपासून अध्यक्षीय भाषणापर्यंत सर्वत्र फिरत असते. आरसा कोणाच्या हातात आहे आणि तो कोणाच्या घराकडे वळवलेला आहे, हे मात्र सहसा विचारले जात नाही. साहित्य समाजाला नुसते दाखवत नाही. कोणाचे दुःख दुःख म्हणून मोजायचे आणि कोणाचे मोजायचे नाही, हे ते ठरवत असते. मूल्यांची घडण येथेच होते आणि मोडतोडही येथेच व्हावी लागते.

मराठीत 'पात्र' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कथा-नाटकातील व्यक्ती ती पात्र. आणि लायक ठरलेला माणूस तोही पात्र. यवतमाळ जिल्ह्यात हा दुसरा अर्थ गावोगाव परिचयाचा आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की चौकशी होते, जिल्ह्याची समिती बसते आणि ते मरण 'पात्र' की 'अपात्र' याचा निकाल देते. १ लाख रुपयांच्या मदतीसाठी ज्या अटी ठरल्या त्यांत जमीन कुटुंबाच्या नावावर असणे आणि मान्य संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकलेले असणे या प्रमुख होत्या. ज्याच्या नावाचा सातबाराच नाही, त्या भूमिहीन मजुराचे मरण या हिशेबात बसत नाही. साहित्याच्या समितीचे निकष याहून फार वेगळे आहेत काय?

यवतमाळने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले ते १९७३ साली. ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. आदल्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला होता आणि महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'ला त्याच वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती. ज्यांना साहित्यात आजवर पात्र म्हणूनही क्वचितच जागा मिळाली होती, ते लेखक म्हणून बोलू लागण्याचा तो काळ होता.

पुढे २०१९ च्या जानेवारीत ९२ वे संमेलन यवतमाळलाच झाले. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी इंग्रजीतून लिहिणाऱ्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना आमंत्रण दिले गेले आणि विरोधाची भाषा सुरू होताच ते मागे घेतले गेले. २०१५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार परत करणाऱ्या या लेखिकेचे भाषण व्यासपीठावर झाले नाही. ते वृत्तपत्रांतून मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. अनेक लेखकांनी बहिष्कार टाकला. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अखेर उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूर येथील वैशाली येडे यांनी. त्यांच्या शेतकरी पतीने २०११ मध्ये आत्महत्या केली होती.

या घटनेचे वाचन दोन टोकांनी झाले. एका बाजूने म्हटले गेले की, मातीतल्या बाईला मान मिळाला, आता वाद कशाला? दुसऱ्या बाजूने म्हटले गेले की, एका विधवेच्या पदराआड आयोजकांनी आपली नामुष्की झाकली. या दोन्ही वाचनांत वैशाली येडे केवळ पात्र आहेत: एकात गौरवाचे, दुसऱ्यात सोयीचे. त्या काय बोलल्या याची समीक्षा कोणी फारशी केली नाही.

त्या बोलल्या ते वैधव्याविषयी. हे वैधव्य आपण जन्माला येताना घेऊन आलो नाही, ते जगरहाटीने आपल्यावर लादले, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हे दयेची याचना करणाऱ्या बाईचे भाषण नव्हते. नवऱ्याच्या मरणाला बाईचा कमीपणा ठरवणाऱ्या मूल्यव्यवस्थेवर तो आरोप होता. ही वाणी त्या दिवशी अचानक फुटली असेही नाही. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. वैशाली येडे त्यांपैकी एक. ज्या दुःखावर इतरांनी कविता लिहिल्या, ते दुःख या बाया स्वतःच्या तोंडाने सांगू लागल्या. पात्र येथे कर्ता झाले. म्हणून सहगल यांचे न झालेले भाषण आणि येडे यांचे झालेले भाषण यांची झुंज लावणे हा शुद्ध कावा आहे. कोण बोलेल हे आम्ही ठरवू, ही एकच सत्ता पहिलीला परत पाठवते आणि दुसरीला बोलावते. एकीच्या स्वातंत्र्यावाचून दुसरीचे स्वातंत्र्य टिकत नाही.

हा भेद नवा नाही. अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टोव यांची 'अंकल टॉम्स केबिन' १८५२ साली प्रसिद्ध झाली आणि लाखो वाचक गुलामांच्या हालांनी हेलावले. पण त्यापूर्वीच, १८४५ साली, गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी आपली हकीकत स्वतः लिहिली होती. टॉम वाचकाची करुणा जागवतो. डग्लस वाचकाकडे हिशेब मागतो. करुणेने मन मोठे होते, पण देणारा आणि घेणारा आपापल्या जागीच राहतात. आपल्याकडे १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीने 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला तो हिशेब मागण्यासाठीच. फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला आणि १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचे आमंत्रण नाकारले. शेतकऱ्याची बाजू मांडणे आणि त्या सभेला नकार देणे, या एकाच विचाराच्या दोन कृती आहेत. १९९९ साली धारावीत बाबुराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले विद्रोही साहित्य संमेलन त्याच नकाराची पुढची पायरी होती.

मग ज्याने भोगले त्यानेच लिहावे काय? असे म्हणणे म्हणजे साहित्याचीही जात ठरवणे होय. प्रश्न लेखकाच्या जन्माचा नाही, त्याच्या नजरेचा आहे. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीने विदर्भातील शेतीची पडझड मराठी वाचकासमोर ठामपणे मांडली. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला तो योग्यच होता. परंतु तिच्या केंद्रस्थानी जमीन असलेले कुटुंब आहे. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचे काय? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. किलोच्या हिशेबाने कापूस वेचणारी बाई, झरी-जामणी आणि मारेगावकडचा कोलाम, पालातला पारधी, ही माणसे 'शेतकरी' या शब्दात मावत नाहीत. 'शेतकऱ्याचे दुःख' हा शब्दप्रयोग जितका सर्वमान्य होतो, तितकी शेतातली जात त्याखाली दडपली जाते. बांधावरचा मालक आणि बांधाखालचा मजूर एकाच कवितेत 'बळीराजा' होतात. मजुरीचा दर मात्र त्या कवितेत येत नाही.

या आरोपातून दलित साहित्यही सुटत नाही, आणि आपण ते स्पष्ट बोलले पाहिजे. दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ साली खाजगी लाज ही सामाजिक गुन्ह्याची साक्ष आहे, हे दाखवून दिले. परंतु आत्मकथनांच्या त्या पहिल्या लाटेत आई, बहीण, बायको बहुतांशी पात्रेच राहिल्या. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) ही पुस्तके आली तेव्हा घरातल्या विषमतेचा पंचनामा सुरू झाला. नकार बाहेरच्या व्यवस्थेला द्यायचा आणि उंबरठ्याच्या आत जुनी मूल्ये सुखाने नांदू द्यायची, हे विद्रोहाच्या व्याख्येत बसत नाही.

आज दलित साहित्य अभ्यासक्रमात आले आहे. ही लढ्याची प्राप्ती आहे आणि धोकाही. 'दलित साहित्याची वैशिष्ट्ये सांगा' या प्रश्नाला वेदना, विद्रोह, नकार असे तीन शब्द लिहिले की गुण मिळतात. विद्यार्थी पास होतो. त्याच्या गावच्या पाणवठ्याविषयी त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. जो विद्रोह पाठ करता येतो तो व्यवस्थेला चालतो.

म्हणून शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी पुस्तकाला गावाच्या शेजारी ठेवून वाचावे. कादंबरी शिकवताना विद्यार्थ्यांना विचारावे: या गोष्टीत जमीन कोणाच्या नावावर आहे? मजुरी कोण देतो, कोण घेतो? बोलणारे कोण आहे आणि कोणाविषयी नुसतेच बोलले जात आहे? वणी, पांढरकवडा, घाटंजीकडच्या विद्यार्थ्याने आपल्या आईचे कापूस वेचणीचे दिवस तिच्याच बोलीत लिहून काढावेत आणि त्या लेखनाला अशुद्ध म्हणून लाल शाई लावू नये. त्यातून थोर साहित्य निर्माण होईलच, असा दावा कोणी करू नये. पण आपले जगणे लिहिण्याजोगे आहे, ही जाणीव तरी निर्माण होईल. आणि हजारो वर्षे नाकारले गेले ते नेमके हेच.

शासनाच्या यादीत अपात्र ठरलेल्याला दाद मागण्यासाठी कागद लागतो. साहित्याच्या यादीत अपात्र ठरवलेल्यालाही कागदच लागतो. फरक इतकाच की, हा दुसरा कागद मागण्यासाठी कोणाच्याही कचेरीत जावे लागत नाही.