खाज्या नाईक : लुटारू, हुतात्मा आणि राखणदार

खानदेशातील १८५७ च्या उठावाचा अभ्यास मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील खानदेश खंडावाचून (१८८०) होत नाही. त्यातील खाज्या नाईक हा लुटारू आहे. आजच्या गौरवपर लेखनात तोच हुतात्मा होतो. निवाडा फिरला, पुरावा बहुतांशी तोच राहिला.

वस्तुतः खाज्या सरकारचाच चाकर. डोंगरातल्या भिल्लांनाच राखणदार करावे, या धोरणातून औट्रमने १८२५ साली धरणगावी भिल्ल पलटण उभारली होती. मुंबई-आग्रा मार्गावरील सेंधवा घाटाची राखण खाज्याकडे होती, तीही याच धोरणाला धरून. पुढे एका संशयिताच्या मृत्यूबद्दल त्याला कैद झाली. १८५७ मध्ये सरकारने त्याला पुन्हा कामावर घेतले, आणि त्याच वर्षी त्याने घाटात सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. वाट राखणाऱ्यालाच ती अडविण्याचे मर्म ठाऊक असते. ‘लुटारू’ व ‘हुतात्मा’ या दोन्ही शब्दांत हा राखणदार हरवतो.

व्हायकिंग सरदारांची दहशत लुटल्या गेलेल्या मठांतील धर्मगुरूंनी नोंदविली; राग्नार लोडब्रोकची सागा तेराव्या शतकातली. तेथे निदान लुटणाऱ्यांच्या वंशजांनीही लेखणी धरली. आपल्याकडे खजिना गमावणाऱ्याचेच दप्तर मुख्यतः बोलते.

११ एप्रिल १८५८ च्या आंबापाणीच्या लढाईनंतर धरलेल्या भिल्लांना गोळ्या घालण्यात आल्या, स्त्रियांनाही कैद झाली. १८६० मध्ये खाज्या विश्वासघाताने मारला गेला. त्या स्त्रियांची बाजू दप्तरात शोधणे व्यर्थ होय. जळगाव-धुळ्याच्या संशोधकाने सातपुड्याच्या पावरी व भिल्ली बोलींतील मौखिक परंपरा त्यासाठी पडताळावी.