एक लाख लोकांनी न वाचलेली गोष्ट

'घर भिंतींचं नसतं, माणसांचं असतं.'

गेल्या दिवाळीच्या आसपास हे वाक्य कदाचित तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. मागे बासरी, जुन्या वाड्याचा दरवाजा, पिवळसर उजेड आणि एकेक करून उमटणारे शब्द. एकोणीस सेकंदांचं ते रील मी बनवलं होतं. त्याला १,१२,००० व्ह्यूज मिळाले.

माझ्या मैत्रिणीच्या पहिल्या कथासंग्रहाची ती जाहिरात होती. ५०० प्रतींची आवृत्ती, किंमत २५० रुपये. प्रकाशक एकटाच, पुस्तकं बांधण्यापासून कुरिअरपर्यंत सगळं तोच करतो. "ते सोशल मीडियाचं तू बघ," असं दोघांनी मला सांगितलं, कारण मी इंजिनिअर. नोकरीत मी बॅकएंडचा कोड लिहितो, जाहिरातीशी माझा काही संबंध नाही. पण डॅशबोर्ड आणि ग्राफ पाहिले की मला आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. बजेट १५,००० रुपये, मुदत सहा आठवडे.

अशा अनुभवावर 'मी शिकलेल्या पाच गोष्टी' लिहिता येतील. पण त्या सहा आठवड्यांत आम्ही जे लोकांसमोर ठेवलं, तेही लेखनच होतं, आणि मैत्रिणीच्या कथांपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी ते वाचलं. मग त्याचीही समीक्षा व्हायला हवी.

आधी ते वाक्य. कथेत ते मुलाच्या तोंडी आहे. गावातलं घर विकायचंय, कागद तयार आहेत, आईची सही हवी आहे. आई चष्मा शोधतेय, म्हणजे वेळ काढतेय. तेव्हा मुलगा तिच्याशेजारी बसून हे वाक्य म्हणतो. घर भिंतींचं नसतं, तेव्हा भिंती देऊन टाक. मैत्रिणीने ते मुद्दाम गुळगुळीत ठेवलंय, फॉरवर्डमधून उचलल्यासारखं. अशी गोड वाक्यं माणसाच्या हातून काय काय काढून घेतात, हाच त्या कथेचा विषय आहे. आणि मी नेमकं तेच वाक्य उचलून त्याचा फॉरवर्ड केला.

हे इन्स्टाग्रामने बिघडवलं, असं म्हणणं सोपं आहे. पण शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये पोलोनियस परदेशी निघालेल्या मुलाला जो उपदेश करतो, त्यातली वाक्यं आज सुविचार म्हणून मगांवर छापली जातात. हाच पोलोनियस पुढे त्याच मुलावर नजर ठेवायला माणूस पाठवतो, ते मगावर येत नाही. आपल्याकडे शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, वहीच्या शेवटच्या पानावर उतरवलेली वाक्यं ही सवय फोनच्या आधीची. आणि त्यात काही वाईट नाही. वपुंचं 'वपुर्झा' कुठलंही पान उघडून वाचावं. चंद्रशेखर गोखल्यांच्या 'मी माझा'मधली चारोळी चार ओळींतच पूर्ण होते, तिला बाहेर काढलं तर काही मोडत नाही. कथेचं तसं नसतं. कथेतलं वाक्य कोण म्हणतंय, कुणाला आणि कशासाठी, यावर त्याचा अर्थ उभा असतो. ते उचलताना मी फक्त ते किती छोटं आहे एवढंच पाहिलं होतं.

आता कॅप्शन. आम्ही दोन केल्या होत्या आणि प्रत्येकीवर दोन दिवस ५०० रुपये लावले. पहिली मैत्रिणीची: 'सही करायच्या आधी आईने चष्मा शोधायला इतका वेळ का लावला?' दुसरी माझी: 'तुमचं घर म्हणजे कोण? टॅग करा.' माझी जिंकली, तीही मोठ्या फरकाने. ऑफिसात करतो तसं मी हरलेली बंद केली आणि उरलेले पैसे जिंकलेलीमागे लावले. आज दोन्ही वाचतो तेव्हा लाज वाटते. पहिलीत एक बाई आहे, एक हालचाल आहे, आणि उत्तर हवं असेल तर कथा वाचावी लागते. दुसरीला कथेची गरजच नाही. ती साबणाच्या, विम्याच्या किंवा रंगाच्या जाहिरातीखालीही चालली असती.

मग ती जिंकली कशी? इथे मशीनला दोष देता येत नाही. जाहिरात लावताना मेटा आधी विचारतं, तुमचा उद्देश काय? मी 'एंगेजमेंट' निवडलं होतं. कुणाला कुठली जाहिरात दाखवायची, याचा तिथे प्रत्येक वेळी लिलाव होतो. त्यात तुमची बोली, समोरचा माणूस तुम्हाला हवी ती कृती करण्याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा, हे सगळं धरलं जातं. मी लाइक आणि कॉमेंट मागितल्या, तर त्याने लाइक आणि कॉमेंट करणारी माणसं शोधून आणली. वाचणारी माणसं मी मागितलीच नव्हती, आणि त्या यादीत 'वाचन' असा उद्देशही नाही. व्ह्यू तर रील सुरू झालं की मोजला जातो. तोच माणूस पुन्हा आला तरी पुन्हा.

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. त्याचा आशय असा, की मोजमापच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. मीटिंगमध्ये हा नियम मी स्वतः दोनदा सांगितलाय. रात्री अकरा वाजता व्ह्यूजचा आकडा एक लाख ओलांडत होता, तेव्हा मात्र तो आठवला नाही. तेव्हा मी मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवत होतो.

ऑर्डर व्हॉट्सॲपवर यायच्या, पैसे जीपेवर. त्यामुळे प्रत्येकाला विचारता आलं, "पुस्तकाबद्दल कुठून कळलं?" रीलच्या दोन आठवड्यांत ४१ ऑर्डर आल्या. त्यातल्या ९ जणांनी रीलचं नाव घेतलं. १७ जणांनी 'ग्रुपवर कुणीतरी पान टाकलं होतं' असं सांगितलं. बाकीची ओळखीचीच माणसं. नंतर आम्ही मैत्रिणीला त्या कथेची पहिली दोन पानं मोबाइलवरच वाचायला लावली. संगीत नाही, चार मिनिटं, मध्येच कुकरची शिट्टी. १,९०० व्ह्यूज, १४ ऑर्डर. साधेपणा जिंकला, असा निष्कर्ष मी काढणार नाही. त्या १४ जणांतल्या काहींना तिचं नाव आधीच्या रीलमुळेच माहीत झालं असेल. इतक्या थोड्या आकड्यांवर मी ऑफिसात कुणाला काही सिद्ध करू दिलं नसतं. रीलमुळे पुस्तक घेतलेल्या एका काकूंचा मेसेज मात्र माझ्याकडे आहे. नात्यांवरचं छान पुस्तक समजून त्यांनी ते सुनेला भेट दिलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, "असं असेल तर आधी सांगायचं."

त्या रीलखाली चारशेच्या वर कॉमेंट आल्या. हृदयं, हात जोडलेले, 'अगदी मनातलं', नवऱ्याला टॅग, बहिणीला टॅग. लवकर उत्तर दिलं की रीच वाढतो असं कुठेतरी वाचून मी प्रत्येकीला उत्तर देत होतो. लोकलमध्ये उभा राहून, अंगठ्याने, न वाचता. त्यात एका बाईंनी लिहिलं होतं, 'माझा भाऊ पण हेच म्हणाला होता.'

त्यांनी कथा वाचली नव्हती, तरी ते वाक्य बरोबर वाचलं होतं. एक लाखातली कदाचित एकटीच. मी खाली लाल हृदय टाकलं होतं.

ते मैत्रिणीने पाहिलं आणि फोन केला. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "अरे, मी ही गोष्ट यांच्यासाठीच लिहिली होती. आणि तू त्यांना काय दिलंस?" मी हृदय काढून टाकलं. मग तिने स्वतः त्या बाईंना लिहिलं, पुस्तक पाठवते म्हणाली, पत्ता मागितला. उत्तर आलं नाही.

साधारण दीडशे प्रती अजून माझ्या खोलीत आहेत, दोन खोक्यांत. पुढचं पुस्तक आलं तर जाहिरात मीच करणार आहे, तिनेही नाही म्हटलेलं नाही. फक्त तिची एक अट आहे: कॉमेंटना उत्तर मी वाचून द्यायचं, आणि वेळ नसेल तर द्यायचंच नाही.