सिद्धेश्वर यात्रेची रोषणाई आणि हौशी छायाचित्रण : एक चिकित्सा

मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा हा सोलापूरचा प्रकाशोत्सवही आहे. तलावाने वेढलेले मंदिर विद्युत दिव्यांनी उजळते. होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. यात्रा सरली की रोषणाई उतरते आणि तिची आठवण मुख्यतः हौशी छायाचित्रकारांच्या संग्रही उरते. म्हणूनच या छायाचित्रांकडे दस्तऐवज म्हणून पाहणे अगत्याचे ठरते.

त्यांतील एक प्रकार आता रूढ झाला आहे : ट्रायपॉडवर कॅमेरा, काही सेकंद उघडे राहणारे शटर आणि पाण्यातील प्रतिबिंब. या तंत्राने स्थिर दिवे ठळक उमटतात, तरंग विरतात, ठिणग्यांच्या सलग रेषा होतात. मात्र चालता माणूस पुसट होतो किंवा पूर्णतः नाहीसा होतो. बाराबंदी घालून सात नंदीध्वज पेलणारे भक्त हे यात्रेचे प्राण. त्यांच्याविना उरते ती निर्मनुष्य, देखणी वास्तू. सौंदर्य साधते, उत्सव निसटतो.

दुसरी उणीव नोंदीची आहे. डिजिटल कॅमेरा चित्रासोबत दिनांक व वेळ साठवतो. परंतु व्हॉट्सअ‍ॅपसारख्या माध्यमातून चित्र फिरू लागले की ही माहिती बहुधा गळून पडते. दिव्यांच्या माळा बांधणाऱ्या कारागिराचे नाव तर मुळातच लिहिलेले नसते. परिणामी कोणत्या वर्षी कोणती रचना होती, ती कोणी केली, हे पुढील अभ्यासकास सांगता येणार नाही.

छायाचित्रकारांचे परिश्रम निःसंशय मोलाचे आहेत. तथापि प्रत्येक चित्राखाली वर्ष, स्थळ व कारागिराचे नाव असावे आणि प्रतिबिंबाच्या चित्राशेजारी गर्दीचेही एक चित्र असावे. एरवी दारूकामाप्रमाणे चित्रही केवळ शोभेचे ठरेल.